कच्चा टाका

आखातातल्या देऱ्याच्या धक्क्यावर कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, अलीमियाँ म्हणजे तोंडाने तिरके आणि सुईने सरळ. मूळचे हर्णैचे. बाप, आजा, पणजा, सगळे गलबतांची शिडं शिवणारे. पण गलबतांवर इंजिनं बसू लागली तशी शिडांची मागणी आटली, आणि अलीमियाँ मोटारींच्या सीटा, कंपन्यांच्या ताडपत्र्या, चामडी बॅगा, जे समोर येईल ते शिवू लागले. शिडं शिवणाऱ्या हातांवर उशा शिवायची पाळी आली म्हणून ते रोज एकदा तरी चिडायचे. चिडून पुन्हा उशीच शिवायचे.

दुकानाच्या मागेच झावळ्यांच्या भिंतींची खोली होती. तिथे ते, त्यांची बायको मरियमबी आणि एकुलता मुलगा मुश्ताक राहायचे. मुश्ताक तेवीस वर्षांचा. खाडीतला गाळ काढणाऱ्या एका कंपनीच्या इंग्रज इंजिनियरकडे, विटलॉक साहेबाकडे, तो स्वयंपाकी होता. एकसष्ट सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी हा साहेब स्वतः दुकानात आला. खांद्यावर माणसाहून उंच अशा दोन लाकडी फळ्या, टोकं वर वळलेली. मागून मुश्ताक हसत हसत येत होता.

"अब्बा, ह्याला स्की म्हणतात," मुश्ताक म्हणाला. "स्वित्झर्लंडच्या पहाडात ह्या पायाला बांधून बर्फावरून घसरत खाली येतात. साहेबाचा दरवर्षीचा शौक आहे."

"घसरायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या मोरीत ये म्हणावं," अलीमियाँ म्हणाले.

मुश्ताकने साहेबाला काही वेगळंच सांगितलं असावं, कारण साहेब खूश होऊन मान डोलावू लागला. काम साधं होतं. बूट फळीला जखडून ठेवणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या देऱ्याच्या उन्हाळ्याने वाळून तडकल्या होत्या. नव्या पट्ट्या कापून त्या फळीवरच्या लोखंडी कडीला शिवून द्यायच्या. अलीमियाँनी दाभण घेतलं, दोऱ्याला मेण चोळलं आणि दोन दिवसांत काम हातावेगळं केलं.

आणि नेमकी इथेच त्यांच्या हाताने घात केला. शिडं शिवणाऱ्यांची एक रीत असते, निदान अलीमियाँच्या घरात तरी होती. शिडाची सगळी शिवण चार पदरी दोऱ्याने घालायची, पण कडीजवळचे सहा टाके दोन पदरीच घालायचे. त्याला ते कच्चा टाका म्हणत. तुफानी वारा सुटला की आधी तो टाका उसवतो, शीड मोकळं होऊन फडफडतं आणि डोलकाठी वाचते. डोलकाठी वाचली की गलबत वाचतं आणि माणसं घरी येतात. चाळीस वर्षं ज्या हाताने हे केलं त्याला समोर शीड आहे की साहेबाची पट्टी आहे हे कुठे कळतं? कडी दिसली आणि हाताने कच्चा टाका घातला. फळ्या भारी किमतीच्या दिसत होत्या, तेव्हा तुटायचंच झालं तर पट्टी तुटावी, फळी नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. पायाचा विचार त्यांनी केलाच नाही.

साहेबाने पट्टी ओढून पाहिली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "पक्का?"

"एकदम पक्का, साहेब," अलीमियाँ म्हणाले. आपल्या शिवणीला असा प्रश्न विचारलेला त्यांना खपायचा नाही.

पुढच्या शुक्रवारी शारजाच्या वाटेवरच्या एका वाळूच्या टेकडीवर साहेबाने त्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या. मुश्ताकने बापालाही जीपमध्ये घालून नेलं होतं. साहेब वाळूवरून दहा पावलं घसरला, अडकला, पुन्हा घसरला, शेवटी तोंडावर आपटला. वाळवंटातले दोन बदू आपले उंट थांबवून बघत राहिले. सगळे हसले, अलीमियाँही हसले. पण साहेब आपटला तेव्हा पट्टीला बसलेला हिसका त्यांनी पाहिला होता, आणि त्यांच्या मनात आलं, हा टाका पक्का करून द्यायला हवा होता. जीपमध्ये बसेपर्यंत ते मनात होतं. मग त्यांनी ते झटकून टाकलं. पाय साहेबाचा, शौक साहेबाचा. शिवाय आता सांगायचं म्हणजे परवाचं "एकदम पक्का" गिळायचं. त्यापेक्षा ते मूग गिळून गप्प बसले. आपण काही मोठं पाप करतोय असं त्यांना वाटलंही नाही.

डिसेंबरात साहेब आईकडे निघाला. म्हातारीने स्वित्झर्लंडमधल्या एका पहाडी गावात दोन महिन्यांसाठी घर घेतलं होतं. तिला हिंदुस्थानी जेवण आवडायचं, म्हणून साहेबाने मुश्ताकलाही बरोबर घेतलं. पोरगा विमानात बसला, बैरूतवरून पुढे गेला. मरियमबीने त्याला दोन स्वेटर एकावर एक घालायला लावले आणि देऱ्याच्या विमानतळावर तो घामाघूम होऊन गेला. पुढचे काही दिवस अलीमियाँ गिऱ्हाइकांना उगीचच स्वित्झर्लंडच्या गोष्टी सांगत होते, आपणच जाऊन आल्यासारख्या.

जानेवारीत पत्र आलं. अलीमियाँना मराठी वाचता यायचं, पण रडतखडत. म्हणून शेजारचा जहूर पत्र वाचायचा. जहूर दाभोळचा, एका शिपिंग ऑफिसात क्लार्क, आणि आपल्याला सगळ्या दुनियेचं कळतं अशी त्याची पक्की समजूत. संध्याकाळी तो दुकानात बसून मोठ्याने वाचू लागला. मरियमबी पडद्याआड ऐकत उभी होती.

मुश्ताकने लिहिलं होतं की इथे सगळा डोंगर मिठागरासारखा पांढरा आहे. तारेला लटकणाऱ्या खुर्चीत बसून माणसं वर जातात आणि फळ्यांवरून खाली येतात, लहान पोरंसुद्धा. साहेबाने स्वतःसाठी नव्या स्की घेतल्या आणि जुन्या त्याला देऊन टाकल्या.

"'दुकानात दुसऱ्याही चांगल्या होत्या,'" जहूर वाचत होता, "'साहेब म्हणाला हव्या तर त्या घे. पण मी म्हटलं, ह्यांवर माझ्या अब्बांच्या हातची शिवण आहे, मला ह्याच पाहिजेत.'"

अलीमियाँच्या हातातलं दाभण थांबलं.

"'खालच्या उतारावर मला आता जमतंय. साहेब म्हणतो सोमवारपासून वरच्या उताराला जाऊ. तिथे संभाळावं लागतं. गेल्या हप्त्यात एका फ्रेंच माणसाची पट्टी तुटली आणि पायातून फळी सुटली. त्याला घसरगाडीला बांधून खाली आणला, तोंडावरून चादर घालून. पण अम्मीने फिकीर करू नये. माझी पट्टी मजबूत आहे.'"

पडद्याआडून मरियमबीने "या अल्ला" म्हटलं. अलीमियाँनी दाभण खाली ठेवून विचारलं, "पत्र कधीचं आहे?"

जहूरने तारीख पाहिली. "बारा दिवस झाले, चाचा."

म्हणजे तो सोमवार येऊन गेला होता. त्याच्यानंतरचाही आला होता.

मरियमबी आत गेली तशी अलीमियाँनी कोपऱ्यातलं उरलेलं कातडं काढलं. साहेबाच्या पट्ट्या ह्याच कातड्यातून कापल्या होत्या. त्यांनी तसाच एक तुकडा कापला, तसाच दोरा ओढला, एका कडीला तशीच शिवण घातली. कडी आढ्याला बांधली आणि पट्टीला तांदळाचं पोतं अडकवलं. पोतं लटकून राहिलं. जहूर म्हणाला, "बघा, होल्ड करतंय की." अलीमियाँनी पोतं छातीपर्यंत उचललं आणि सोडून दिलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या हिसक्याला कडीजवळचे सहाही टाके एकामागून एक सुटले आणि पोतं जमिनीवर आलं. टाका जसा सुटायला हवा तसाच सुटला होता. त्यात एवढीशीही खोट नव्हती. अलीमियाँ त्या पोत्याकडे बघत खालीच बसले.

मग त्यांनी जहूरला सगळं सांगितलं. कच्चा टाका, वाळूची टेकडी, साहेबाला दिलेला शब्द.

"तार करू," ते म्हणाले. "आत्ता. साहेबाच्या नावाने. पट्टी कच्ची आहे म्हणून लिही."

जहूरने खुर्ची जवळ ओढली. "थंडे दिमागसे सोचो, चाचा. साहेबाला काय सांगणार? तुम्ही पक्का म्हणालात आणि जाणूनबुजून कच्चं शिवलं? उद्या तो म्हणेल, ही त्याने माझ्यासाठी शिवली होती, माझ्या जिवावर उठला होता. मुश्ताकची नोकरी खलास. कंपनीचं ताडपत्रीचं सगळं काम तुमच्याकडे आहे, तेपण कॅन्सल. मुश्ताकने फळ्या घालू नयेत, एवढंच पाहिजे ना तुम्हाला?"

"एवढंच."

"मग रीझन देता कशाला? चाचींच्या नावाने मुश्ताकलाच तार करू. आई घाबरली आहे, तिची शपथ आहे, फळ्यांवर पाय ठेवू नकोस. पोरगा आईची शपथ मोडणार नाही. साहेबपण समजेल, आईचं काळीज आहे. सगळं क्लीन."

अलीमियाँना ते पटलं. खरं सांगायचं तर त्यांना ते फार बरं वाटलं. बुडणाऱ्याला नुसता काठ नको असतो, कुणी न बघता काठाला लागता आलं तर त्याला हवंच असतं. मरियमबीला विचारलं तर ती एका पायावर तयार. पट्टीचं तिला काहीच माहीत नव्हतं. "घाला माझी शपथ," ती म्हणाली. "म्हणावं, त्या मेल्या फळ्यांना हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"तारेत एवढं नाही लिहीत, चाची," जहूर म्हणाला.

तार गेली. नंतरचे दोन दिवस अलीमियाँनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. तारघर चालत दहा मिनिटांवर, आणि ते दिवसातून पाच वेळा जाऊन यायचे. खिडकीतला तारबाबू आता त्यांना पाहिल्याबरोबर लांबूनच मान हलवायचा. दुकानात खोर फक्कान बंदरातल्या एका नाखव्याचं शीड दुरुस्तीला पडलं होतं. तो दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा भांडून गेला. अलीमियाँनी दाभण उचलायचं आणि कडीशी आलं की खाली ठेवायचं. हात पुढे जायचाच नाही.

आणि मनात नको ते यायचं. चादर यायची. ती चादर वाऱ्याने हलायची आणि तिच्या खालून मुश्ताकचा पाय दिसायचा, कडीला लोंबणाऱ्या दोऱ्यासकट. साहेब वाळूवर आपटला तेव्हा आपण हसलो होतो, हेही आठवायचं. साहेबाच्या पायात होती तोवर हीच पट्टी, हाच टाका, आणि आपण रात्रभर घोरत होतो. परक्याचा पाय आणि आपल्याचा पाय ह्यात एवढा फरक आपण केला, ह्याची त्यांना लाज वाटायची. मग लाज बाजूला सारून ते पुन्हा तारघराकडे चालू लागायचे.

मरियमबीने जेवण सोडलं होतं. "तुम्ही तरी दोन घास खा," ती म्हणायची, आणि तिच्या हातचा भात बघून त्यांना अजूनच गिळवत नसे, कारण तिला सांगायचं ते सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर जहूर धावतच आला. हातात तार होती आणि चेहऱ्यावर हसू होतं, म्हणजे वाचण्याआधीच निम्मं कळलं.

"सेफ! एकदम सेफ आहे पोरगा!" तो लांबूनच ओरडला.

मरियमबी पडदाबिडदा विसरून बाहेर आली आणि उंबऱ्यावरच बसून रडू लागली. अलीमियाँनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांच्या खांद्यावरून कुणीतरी शंभर मणांचं गलबत उतरवून घेतलं होतं. शेजारची अन्वरी धावत आली, तिने आणखी दोघींना हाका मारल्या. मरियमबीने डोळे पुसले, तिथेच शुक्रान्याचा नमाज पढली आणि खजुराची परात काढून जो दिसेल त्याच्या हातावर खजूर ठेवू लागली.

"वाच तरी," अलीमियाँ म्हणाले. "काय लिहिलंय?"

जहूरने खजूर तोंडात टाकला आणि इंग्रजीचं मराठी करत वाचलं. "'अम्मीचा हुकूम मानला. मी खुशाल. फळ्या धोबिणीच्या मुलीला देऊन टाकल्या. ती रोज त्यांवरून शाळेला जाते. फार खूश आहे. फिकीर करू नये.' बघा चाचा, पोराचं दिल किती मोठं! मॅटर क्लोज."

"देऊन टाकल्या, बरं झालं," मरियमबी म्हणाली. "घरात ठेवल्या असत्या तर पुन्हा मोह झाला असता." आणि ती परात घेऊन अन्वरीकडे वळली.

सगळे बोलत होते. अलीमियाँच्या हातावरही कुणीतरी खजूर ठेवला होता. तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

"मरियम," ते म्हणाले.

ते तिला कधी असं चारचौघांत नावाने हाक मारत नसत. ती वळली.

"धोबिणीची मुलगी. शाळेत जाणारी. किती वर्षांची असेल?"

"मला काय ठाऊक? दहा-अकराची असेल." तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. "का हो?"

त्यांनी तिला आत नेलं आणि सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही. पट्टी कच्ची होती, साहेबाला खोटं सांगितलं होतं, पोराला कारण कळवलं असतं तर त्याने त्या फळ्या चुलीत घातल्या असत्या. कारण लपवलं, म्हणून त्याने त्या चांगल्या समजून एका गरिबाच्या पोरीला दिल्या. वजन हलकं असलं तरी हिसका तो हिसकाच. आणि पोरगी काही साहेबासारखी शौकाने आठवड्यातून एकदा जात नव्हती, रोज जात होती.

बाहेर बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"माझी शपथ घालून," मरियमबी म्हणाली, "ती पट्टी माझ्या लेकराच्या पायातून काढलीत आणि तिच्या पायात बांधलीत."

"मला काय माहीत होतं, तो..."

"उठा," ती म्हणाली. "ह्या वेळी माझं नाव घालू नका."

ते तारघराकडे निघाले तेव्हा दिवस मावळून मगरीबची अजान होत होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते मशिदीच्या दारावरून न थांबता पुढे गेले. जहूर मागून धापा टाकत येत होता आणि अजूनही त्याचं सुरूच होतं. "चाचा, निदान मुश्ताकच्या नावाने करा. साहेबाला कशाला मध्ये घेता? मुश्ताक जाऊन गुपचूप काढून घेईल."

"मुश्ताक त्या वेळी बाजारात असला तर? तार आली आणि तो घरी नसला तर? साहेबाचं नाव असलं की लोक धावतात. साहेबाच्याच नावाने लिही."

"नोकरी जाईल पोराची."

"जाऊ दे."

"आणि देऱ्यात तुम्हाला पुढे कोण काम देईल?"

"तू लिहिणार आहेस की मी तारबाबूला तोंडाने सांगू?"

खिडकीशी जहूरने फॉर्म घेतला आणि खिशातून पेन्सिल काढली. अलीमियाँ एकेक शब्द सांगू लागले आणि तो इंग्रजीत उतरवू लागला. फळ्यांच्या पट्ट्या कच्च्या आहेत. मी जाणून कच्च्या शिवल्या. तुम्हाला पक्क्या सांगितल्या ते खोटं होतं. धोबिणीच्या मुलीच्या पायातून त्या आत्ताच्या आत्ता काढा. खाली नाव, अलीमियाँ, शीड शिवणारा, देरा.

जहूरने एकदा मान वर केली. "'जाणून' लिहू?"

"लिही."

तारबाबूने फॉर्म घेतला, ओठ हलवत वाचला आणि चष्म्यावरून अलीमियाँकडे नीट पाहिलं. तीन दिवस ज्याला तो लांबूनच मान हलवून परत पाठवत होता, तोच हा म्हातारा होता. ह्या वेळी त्याने मान हलवली नाही. आत जाऊन त्याने यंत्र सुरू केलं. टकटक ऐकू येत होती तोवर अलीमियाँ खिडकीची जाळी दोन्ही हातांनी धरून उभे होते. टकटक थांबली तसा तारबाबू परत आला.

"गया," तो म्हणाला. "आज रात को उधर के तारघर में पहुँच जाएगा. लेकिन पहाड का गाँव है, चाचा. घर पे तो सुबह ही देगा, जब डाकिया निकलेगा."

"सुबह कितने बजे?"

"आठ, साडेआठ. बर्फ पर है."

अलीमियाँनी जाळी सोडली नाही. "और उधर इस्कूल कितने बजे लगता है?"

तारबाबूने जहूरकडे पाहिलं. जहूरने आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं की त्याला माहीत नाही.